एल मिरादोरला चालत जायचंय? मग आधी कार्मेलिता गाव समजून घ्या

कच्चा चिकू खाल्ला की ओठांना पांढरा चीक चिकटतो आणि मग तेल लावल्याशिवाय काही केल्या सुटत नाही, हे आपल्याकडे लहानपणी सगळ्यांनीच अनुभवलंय. तोच चीक उकळून घट्ट केला की त्याला चिकले म्हणतात, च्युइंग गम आधी त्याचंच बनायचं. चिकूचं झाड मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं, आणि तो चीक काढायला जंगलात गेलेल्या लोकांनी, ज्यांना चिकलेरो म्हणतात, ग्वाटेमालाच्या उत्तरेला पेतेनच्या जंगलात जे तळ टाकले त्यातलाच एक तळ पुढे गाव झाला, ते कार्मेलिता. गाडीरस्ता या गावात संपतो. पुढे फक्त जंगल, आणि त्या जंगलात दोन दिवस चाललं की एल मिरादोर, माया लोकांचं दोन हजार वर्षांपूर्वी सोडून दिलेलं अवाढव्य शहर.

मी आणि माझा मावसभाऊ मार्चमध्ये जाऊन आलो, तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतायत की कसं करायचं, किती खर्च, साप असतात का, जेवणाचं काय. म्हणून एकदाच सगळं नीट लिहितो. पण आधी जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती, कारण बाकीची माहिती कुणीही देईल.

बुकिंग कुणाकडे करायचं

कार्मेलिता गावाची स्वतःची सहकारी सोसायटी आहे. गाईड, स्वयंपाकीण, खेचरवाले सगळे गावातलेच, त्यांच्या पाळ्या लागतात, आणि ट्रेकच्या पैशातला काही भाग गावाच्या कामासाठी जातो. यामागे मोठी कहाणी आहे, ती माहिती असली की तिथे चालताना वेगळंच वाटतं.

१९९० मध्ये सरकारने इथे माया बायोस्फिअर रिझर्व्ह केलं, एकवीस लाख हेक्टरच्या आसपास. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चीक काढणारे, मसाल्याचं ऑलस्पाइस गोळा करणारे लोक एका रात्रीत रिझर्व्हमध्ये राहणारे झाले. मग गावांनी एकत्र येऊन १९९५ मध्ये आकोफोप नावाची संघटना काढली आणि भांडून जंगल सांभाळायचे २५-२५ वर्षांचे करार मिळवले. कार्मेलिताला १९९७ मध्ये सुमारे ५४ हजार हेक्टर जंगल मिळालं. अट अशी की जंगल विकायचं नाही, तोडून शेती करायची नाही, आग लागली तर विझवायची, गस्त घालायची, आणि बदल्यात ठरवून दिलेल्या पट्ट्यातली मोजकी महोगनीची झाडं कापता येतील, त्या पट्ट्याला मग कित्येक वर्षं हात लावायचा नाही. त्याशिवाय शाते नावाच्या छोट्या पामची पानं आहेत, ती परदेशात फुलांच्या गुच्छात घालायला जातात, चिकले आहे, आणि आता पर्यटन.

हे चाललं का? तर हो, चाललं. वरून घेतलेले सॅटेलाइट फोटो बघा कधीतरी. रिझर्व्हच्या पश्चिमेला जी कागदावर कडक संरक्षण असलेली नॅशनल पार्कं आहेत तिथे गुरांच्या कुरणांसाठी जंगल जाळून मोठाले तपकिरी पट्टे पडलेत आणि गावांकडे दिलेला पूर्वेचा भाग अजून गच्च हिरवा आहे. कार्मेलिताचा करार २०१९ च्या शेवटी आणखी २५ वर्षांसाठी वाढवून मिळाला. एल मिरादोरला मोठं पर्यटन आणायचे, अगदी छोटी रेल्वे घालायचेही बेत बाहेरून मांडले गेलेत, गावांनी त्याला विरोध केला, कारण त्यात त्यांच्या हातात काय उरणार हा प्रश्न होता.

आता बुकिंग. पेतेनमधल्या फ्लोरेस शहरात गल्लीगल्लीत एजन्सी आहेत आणि सगळ्यांच्या बोर्डावर एल मिरादोर लिहिलेलं असतं. काही जण सोसायटीकडेच माणसं पाठवतात आणि मधले पैसे ठेवतात, काही स्वतःचे गाईड नेतात. मला विचाराल तर थेट सोसायटीशीच बोला, आधी मेसेज करून तारीख पक्की करा. एजन्सीतून गेलातच तर तीन प्रश्न विचारा: गाईड कुठल्या गावचा, त्याच्याकडे लायसन्स आहे का, आणि खेचरं कुणाची. उत्तर देताना समोरचा गोलगोल बोलायला लागला तर उठा. आम्ही पहिल्यांदा एका एजन्सीत गेलो होतो, तिथे फार स्वस्त रेट सांगितला, खोदून विचारलं तेव्हा कळलं की स्वयंपाकीण नाही, पाणी ज्याचं त्याने उचलायचं आणि खेचर एकच. पाच दिवसांच्या जंगलात हे परवडत नाही, ना तुम्हाला ना त्या बिचाऱ्या खेचराला.

पैसे किती, तर पाच दिवसांच्या ट्रेकला माणशी तीनशे ते चारशे डॉलर धरून चला, ग्रुप मोठा असेल तर कमी, दोघंच असाल तर जास्त, आणि चालू रेट विचारूनच घ्या. त्यात फ्लोरेसहून गाडी, गाईड, जेवण, तंबू किंवा हॅमॉक, खेचरं हे धरलेलं आहे का ते एकेक करून विचारा. एकटे असाल तर आधीच ठरलेल्या एखाद्या ग्रुपला जोडून देतात, त्यासाठी तारखा दोनचार दिवस मागेपुढे ठेवा.

कधी जायचं

फेब्रुवारी ते एप्रिल. बस. बाकी महिन्यांबद्दल लोक काहीही सांगोत.

पावसाळा मे-जूनच्या सुमाराला लागतो आणि कागदावर नोव्हेंबरला संपतो, पण जमीन सपाट आणि चिकट आहे, पाणी वाहून जायला उतारच नाही, त्यामुळे चिखल जानेवारीपर्यंत राहतो. तिकडे सखल भागांना बाहो म्हणतात, पावसात त्यांची दलदल होते, गुडघाभर चिखलात एका दिवसात वीस किलोमीटर चालायचं म्हणजे काय ते कोकणात भातलावणी केलेल्या माणसाला विचारा. एप्रिलमध्ये चिखल नसतो पण ऊन चाळिशीला टेकतं. आम्ही मार्चचा पहिला पंधरवडा घेतला, तो मला सगळ्यात बरा वाटला. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर रात्री चांगलाच गारवा असतो, जंगल म्हणून नुसता पातळ टीशर्ट घेऊन जाऊ नका.

फ्लोरेसपर्यंत पोचणं

ग्वाटेमाला सिटीहून फ्लोरेसला तासाभराचं विमान आहे, ते सान्ता एलेनाच्या एअरपोर्टला उतरतं, नाहीतर रात्रीची बस, आठ-दहा तास. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे फार सोपं आहे, ह्यूस्टनहून ग्वाटेमाला सिटी जेमतेम तीन तास. भारतातून येणाऱ्यांनी व्हिसाचं आधी बघा, भारतीय पासपोर्टवर नियम तुमच्याकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा चालू व्हिसा आहे त्यावरही बदलतात, तेव्हा ऐकीव माहितीवर तिकीट काढू नका, दूतावासाकडून ईमेलवर उत्तर घ्या आणि त्याची प्रिंट सोबत ठेवा. परतीत पनामा किंवा दक्षिण अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीच्या कार्डाचा भारताचा नियम काय आहे तेही बघून घ्या.

फ्लोरेस म्हणजे पेतेन इत्झा तलावातलं छोटंसं बेट, पुलाने सान्ता एलेनाला जोडलेलं. रंगीत घरं, तलावाकाठी रेस्टॉरंट, बघायला छान. पण हेच ते नोहपेतेन, इत्झा माया लोकांची राजधानी, स्पॅनिश लोकांच्या हाती पडलेलं शेवटचं माया राज्य, आणि ते कधी पडलं तर १६९७ मध्ये. शिवाजी महाराज जाऊन सतरा वर्षं झाली होती आणि राजाराम महाराज जिंजीला होते तेव्हा. माया म्हटलं की हजारो वर्षांपूर्वी गायब झालेले लोक असं जे डोक्यात बसलंय ते इथेच काढून टाका, ग्वाटेमालात आजही लाखो लोक माया भाषा बोलतात. कार्मेलितातले बहुतेक लोक मात्र चिकलेरोंचे वंशज, मिश्र घरांतले, घरात स्पॅनिश बोलणारे, तेव्हा समोर येईल त्याला "तुम्ही माया ना" असं विचारत सुटू नका.

ट्रेकच्या आधी दोन रात्री फ्लोरेसला काढा. एटीएम इथेच, कार्मेलितात नाही, आणि सुट्ट्या नोटा लागतात. सान्ता एलेनाच्या बाजारात गमबूट मिळतात ते घ्या.

शरीराची तयारी

हा चढाईचा ट्रेक नाही. सह्याद्रीत हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलेले लोक मला म्हणाले की सपाट आहे मग काय, आणि तिथेच चुकतं. एकूण ऐंशी ते शंभर किलोमीटर होतात पाच दिवसांत, पहिल्या दोन्ही दिवशी वीसच्या आसपास, दमट हवा, वारा नाही, नजर जाईल तिथे झाडंच, आणि पायाखाली खेचरांच्या खुरांनी पडलेले खड्डे उन्हात वाळून दगडासारखे झालेले. घोटा मुरगळतो तो इथे. महिनाभर आधीपासून आठवड्यातून दोनदा तरी बारा-पंधरा किलोमीटर चाला, तेही दुपारच्या उन्हात, आणि ज्या बुटात जाणार त्याच बुटात. दमलात तर बसायला एखादं खेचर ठेवतात, जास्तीचे पैसे पडतात, पन्नाशीच्या पुढच्यांनी ते आधीच सांगून ठेवावं, त्यात कमीपणा काही नाही.

काय न्यायचं

सामान खेचरावर जातं, अंगावर फक्त छोटी सॅक. दोन-तीन लिटर पाणी मावेल असं काहीतरी, कारण वाटेत पाणी नाही, पेतेनमध्ये नद्याच कमी, सगळा चुनखडीचा भाग, पाणी खाली मुरतं. मायांनीसुद्धा पावसाचं पाणी तळ्यांत साठवून शहरं चालवली. त्या तळ्यांना आग्वादा म्हणतात. कॅम्पवर प्यायचं पाणी देतात, तरी क्लोरीनच्या गोळ्या ठेवा, आणि ओआरएस भरपूर.

कपडे लांब बाह्यांचे, पूर्ण पँट, हलक्या रंगाचे म्हणजे गोचीड दिसते. घरून निघायच्या आधी कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा, अंगाला डास-कीटक पळवणारं डीटवालं क्रीम. पँट मोज्यात खोचायची, दिसायला कसंही दिसो. आणि एक रुंद सेलोटेपचा रोल नक्की घ्या, कोरड्या दिवसांत बारीक गोचिडांचा पुंजका पानावर बसलेला असतो, पायाला घासला की शंभरेक एकदम चढतात, ते बोटांनी काढत बसण्यापेक्षा टेप चिकटवून ओढली की सगळे निघतात. ही युक्ती आमच्या गाईडने शिकवली आणि संध्याकाळी अंघोळीच्या आधी आम्ही एकमेकांच्या पाठी तपासायचो, रोज, न चुकता.

हेडलॅम्प, जास्तीच्या बॅटऱ्या, पॉवर बँक, कॅम्पवर घालायला सँडल, पातळ स्लीपिंग बॅग किंवा चादर, ऊन-पाऊस दोन्हीला चालेल अशी टोपी. ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय उडवता येत नाही. मोबाइलला रेंज नाही, गाईडकडे किंवा कॅम्पवर बाहेर संपर्क करायची काय सोय आहे हे आधी विचारा आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढायचा खर्च देणारा इन्शुरन्स काढा. हा खर्च टाळायच्या भानगडीत पडू नका.

शाकाहारी मंडळींसाठी: जेवणात मक्याची तोर्तिया, काळा घेवडा, भात, अंडी, तळलेली केळी हे असतंच, उपाशी राहणार नाही. पण नुसतं "सिन कार्ने" म्हटलं तर तिकडे लाल मांस नको एवढाच अर्थ घेतात आणि चिकन येतं. म्हणून "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" असं तिन्ही सांगा, आणि घेवड्यात डुकराची चरबी घालतात काही ठिकाणी, ती नको असेल तर "सिन मांतेका". हे बुकिंग करतानाच सांगायचं, कारण सगळा शिधा गावातूनच भरून निघतो, जंगलात बदल करता येत नाही. आम्ही शेंगदाण्याची चटणी नेली होती, स्वयंपाकीण मावशींनी तोर्तियाला लावून खाल्ली आणि डबा संपेपर्यंत रोज सकाळी मागून घेतली.

थोडी स्पॅनिश शिकून जा. गाईड बहुतेक फक्त स्पॅनिश बोलतात आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं जे आहे ते कुठल्याही माहितीपुस्तकात नाही. ऑफलाइन चालणारं ट्रान्सलेट ॲप फोनमध्ये ठेवाच, पण पन्नासेक शब्द तोंडात असले की माणूस मोकळा होतो.

प्रत्यक्ष चालणं

पहिल्या दिवशी पहाटे फ्लोरेसहून निघतात, सान आंद्रेसवरून पुढे कच्चा रस्ता, तीन तास तरी. कार्मेलितात एका घरगुती खाणावळीत नाश्ता, तोवर खेचरवाले, म्हणजे अरिएरो, सामान बांधतात. त्यांचं सामान बांधणं बघा, दोन्ही बाजूंचं वजन हातात तोलून सारखं करतात. मग चालायला सुरुवात, दुपारी उशिरा एल तिन्ताल या जुन्या माया शहराच्या अवशेषांपाशी मुक्काम. तिन्तो नावाच्या झाडावरून हे नाव, त्याच्या लाकडापासून रंग काढायचे.

वाटेत चिकूची झाडं दिसतात, आपल्या घोलवडच्या बागेतली कलमी झाडं डोळ्यांसमोर आणू नका, ही उंचच उंच, मान मागे टाकून बघावी लागतात, आणि खोडावर खालपासून वरपर्यंत वाकड्यातिकड्या खाचा, जुन्या, काळ्या पडलेल्या. पावसाळ्यात चिकलेरो दोराने आणि पायाला लावलेल्या काट्यांनी वर चढतात, कोयत्याने खाचा मारत, चीक त्या खाचांमधून झिरपत खाली बांधलेल्या पिशवीत येतो. मग झाडाला काही वर्षं विश्रांती. आमच्या गाईडचे आजोबा चिकलेरो होते, त्याने एका झाडावर हात ठेवून सांगितलं की या खाचा त्यांच्या असतील, वाट तीच आहे त्यांची. आपण ज्या वाटेने चालतो ती ट्रेकसाठी केलेली नाहीच, चीक वाहून आणणाऱ्या खेचरांची वाट आहे ती. आणि लाकूड एवढं टणक की तिकाल या पेतेनमधल्याच दुसऱ्या माया शहरातल्या देवळांच्या दारांवर मायांनी चिकूच्या तुळ्या घातल्या, त्यातल्या काही हजाराहून जास्त वर्षं टिकल्या.

चेचेन झाड ओळखायला पहिल्याच दिवशी शिका. त्याचा काळा चीक अंगाला लागला तर भाजल्यासारखे फोड येतात. गाईड दाखवेलच, पण तुम्हीही दोनदा बघून ठेवा आणि आधाराला म्हणून कुठल्याही खोडाला हात लावायची सवय सोडा. साप असतात, हो. बार्बा आमारिया नावाचा विषारी साप आहे, वाळक्या पानांत दिसत नाही. गाईडच्या मागे चाला, आडव्या पडलेल्या ओंडक्यावर आधी पाय ठेवून पलीकडे बघा मग उतरा, रात्री लघवीला जातानाही बूट आणि दिवा. बूट घालण्याआधी झटकायचे, विंचू असतो.

तिन्तालला संध्याकाळी तिथल्या उंच पिरॅमिडवर नेतात, वरून उत्तरेला क्षितिजावर झाडांच्या वर आलेले दोन-तीन उंचवटे दिसतात, टेकड्या वाटतात. ते एल मिरादोर. टेकड्या नाहीतच तिथे.

दुसरा दिवस सगळ्यात लांबचा. कंटाळा येतो, खरं सांगतो, चार तासांनंतर सगळी झाडं सारखी दिसायला लागतात. तेव्हा गाईडला विचारा की आपण आत्ता रस्त्यावर आहोत का. कारण मायांनी या शहरांना जोडणारे उंच बांधलेले रुंद रस्ते केले होते, साकबे, म्हणजे पांढरा रस्ता, वर चुन्याचा थर असायचा. तिन्ताल ते मिरादोर असाच रस्ता होता. २०२२ च्या शेवटी विमानातून लेझरने केलेल्या पाहणीचा अभ्यास छापून आला, त्यात या मिरादोर-कालाकमुल खोऱ्यात साडेनऊशेच्या वर वस्त्या आणि १७७ किलोमीटरचे असे रस्ते सापडलेत. आपल्याला दिसतो तो फक्त झाडांखालून सरळ जाणारा एक बांध, पण एकदा कळलं की कंटाळा जातो.

तिसरा दिवस पूर्ण मिरादोरसाठी ठेवा, आणि कुणी चार दिवसांत उरकून देतो म्हणालं तर ऐकू नका. शहर ख्रिस्तपूर्व काळातलं, तिकालचा सुवर्णकाळ यायच्या कितीतरी शतकं आधी भरात होतं आणि इसवी सन १५० च्या सुमाराला ओस पडलं. नकाशा पहिल्यांदा माया अवशेषांचा अभ्यासक इयन ग्रॅहमने १९६२ मध्ये केला, आणि पुरातत्त्वज्ञ रिचर्ड हॅन्सन यांची टीम गेली कित्येक दशकं खोदकाम करतेय. सकाळी मध्यभागातल्या वास्तू बघा, तिथे २००९ मध्ये सापडलेला चुन्याच्या गिलाव्यातला पट्टा आहे, पाण्यात पोहणाऱ्या आकृती, दोन हजारांहून जास्त वर्षं जुन्या. अभ्यासकांनी त्यात पोपोल वुह या किचे माया लोकांच्या पवित्र कथेतले जुळे वीर ओळखलेत. ती कथा लिहून काढली गेली स्पॅनिश आल्यानंतर, म्हणजे दीड हजारांहून जास्त वर्षं ती तोंडोतोंडी आणि चित्रांतून चालत राहिली. आपल्याकडे हे समजायला जड जाऊ नये, ओव्या आणि आरत्या आपण कुठे पुस्तकातून शिकलो.

ओस का पडलं याबद्दल हॅन्सन यांचं म्हणणं असं की हा चुनाच नडला. चुना भाजायला अफाट ओलं लाकूड लागतं, पिरॅमिडवर गिलाव्याचे जाड थर चढत गेले तशी झाडं गेली, पावसाने माती वाहून आली आणि ज्या बाहोंच्या सुपीक गाळावर शेती उभी होती तो निकृष्ट मातीखाली गाडला गेला. हे मला गाईडने सांगितलं तेव्हा आम्ही मिरादोरमधल्याच एल तिग्रे या पिरॅमिडच्या पायऱ्यांवर बसलो होतो, आणि तो लगेच स्वतःच्या सोसायटीबद्दल बोलायला लागला, कुठल्या पट्ट्यात यंदा किती झाडं कापली, कुठली रोपं लावली. त्याच्यासाठी दोन्ही एकच विषय होते.

ला दान्तावर सूर्यास्ताला जा. साधारण ७२ मीटर उंच, आणि घनफळ बघितलं तर जगातल्या सगळ्यात मोठ्या पिरॅमिडांपैकी एक. दान्ता म्हणजे टॅपिर, छोट्या सोंडेचा डुकरासारखा दिसणारा प्राणी, तो या जंगलात आहे. बहुतेक भाग अजून मातीखाली आणि झाडीखाली आहे, त्यामुळे आपण मोठा डोंगर चढतोय असंच वाटतं, एक टप्पा, मग सपाटी, मग दुसरा टप्पा, मग लाकडी जिना, आणि शेवटी वर आलं की एकदम वारा लागतो, तीन दिवसांत पहिल्यांदा. चहूबाजूंना जंगलच, एकही दिवा नाही, एकही धूर नाही. मी आयुष्यात असं क्षितिज कधी पाहिलं नव्हतं जिथे माणसाचं काहीच दिसत नाही. खाली उतरताना अंधार पडतो, हेडलॅम्प खिशात हवा, आणि हाउलर माकडांची गर्जना सुरू झाली तर घाबरू नका, वाघासारखा आवाज असतो पण प्राणी पानं खाणारा आहे.

पुढचे दोन दिवस परत, तिन्तालमार्गे किंवा ला फ्लोरिदामार्गे. एक दिवस जास्त असेल तर नाकबे हे माया शहरही घ्या, मिरादोरहून साधारण १३ किलोमीटर, मिरादोरहूनही जुनं, आणि तिथे आमच्याशिवाय फक्त राखणदार होते.

काही गोष्टी ज्या पाळायच्याच

जमिनीवर खापराचे तुकडे दिसतात. उचलायचे नाहीत, खिशात घालणं तर गुन्हाच आहे. तिन्तालला चोरांनी खणलेले चर दाखवतात, भांडी परदेशातल्या संग्राहकांना विकण्यासाठी पिरॅमिड आरपार कापलेत. साबण-शॅम्पू आग्वादाजवळ नेऊ नका. कचरा परत कार्मेलितापर्यंत आणा, खेचरावर रिकाम्या पिशव्यांना जागा असते. राखणदारांना ताजी फळं किंवा कॉफी दिली तर फार आनंद होतो, ते आठवडेच्या आठवडे तिथे असतात.

टिप द्या, आणि ती वेगवेगळी द्या, गाईडला वेगळी, स्वयंपाकिणीला वेगळी, अरिएरोला वेगळी, प्रत्येकाच्या हातात. नुसती गाईडच्या हातात दिलीत तर अवघडलेपण येतं. शेवटच्या दिवशी गावात पोचल्यावर लगेच गाडीत बसू नका, एक रात्र राहा, काही घरांतून राहायची सोय होते. शातेची पानं निवडायची जागा बघा, तिथे बऱ्याचशा बायका काम करतात, डाग पडलेलं पान एका नजरेत बाजूला काढतात. चिकलेचा गम मिळाला तर घ्या. चावला की पहिली पाच मिनिटं चिकूचीच आठवण येते.

आणि घरी आल्यानंतरचं. पेतेनमध्ये एक बारीक माशी असते, संध्याकाळी चावते, तिच्यामुळे लेशमानियासिस नावाचा त्वचेचा रोग होतो, चिकलेरोंच्या कानांना व्हायचा म्हणून त्याला चिकलेरोचा व्रण असंच नाव पडलंय. त्याचं लक्षण लगेच दिसत नाही, कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी एखादी पुटकुळी येते आणि भरतच नाही, दुखतही नाही. तसंच बॉटफ्लाय नावाच्या एका माशीची अळी कातडीखाली वाढते, तिथे गाठ येऊन आत काहीतरी हलल्यासारखं वाटतं. दोन्हीला इलाज आहे. पण पुण्यातला किंवा न्यू जर्सीतला डॉक्टर आपणहून तिथपर्यंत पोचणार नाही, गळू समजून मलम देईल, म्हणून दोन-तीन आठवड्यांत न भरणारी कुठलीही जखम असेल तर स्वतःहून सांगा की मी अमुक महिन्यात ग्वाटेमालात पेतेनच्या जंगलात पाच दिवस होतो, आणि लेशमानियासिस हा शब्द कागदावर लिहूनच न्या.